लीडर घरी बांधा, होडीवर नको: दिल्लीच्या सरोजिनी नगरातून समुद्रावर निघणाऱ्यांसाठी खर्चाचा हिशेब

दिवाळीत गावी जाताना या वेळी मालवणला, रत्नागिरीला किंवा गोव्याला समुद्रात गळ टाकायचा बेत असेल, तर निघण्याच्या आधीची एक संध्याकाळ मोकळी ठेवा. पंधरा-वीस लीडर तेवढ्यात बांधून होतात. लीडर म्हणजे रिळावरची मुख्य दोरी आणि गळ यांच्या मधला जाड तुकडा. मासा चावतो तो याला, खडक घासतो तो याला, आणि मासा सुटलाच तर बहुतेक वेळा सुटतो तोही इथूनच.

घरी का बांधायचे, याचं उत्तर पैशात आहे. होडी तासावर ठरते. समजा, चार तासांचे ६००० रुपये ठरले, तर मिनिटाला २५ रुपये पडले. हलत्या होडीत, ओल्या हातांनी, उन्हात डोळे बारीक करून एक लीडर बांधायला नवख्याला निदान दहा मिनिटं लागतात. म्हणजे लीडरचं सामान चाळीस रुपयांचं आणि बांधणावळ अडीचशे रुपयांची. शिवाय ती गाठ घरच्या गाठीइतकी पक्की बसत नाही. दोन वर्षांपूर्वी मालवणजवळच्या देवबागला माझे पाऊण तास असेच गेले. शेवटी एक सुरमई लागली आणि लगेच गेलीसुद्धा. होडी चालवणाऱ्या तांडेलाने तुटलेलं टोक बोटात धरून पाहिलं आणि म्हणाला, "ह्या तंगसार सुरमय रवाची नाय." तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी. टोक ब्लेडने कापल्यासारखं सरळ होतं, म्हणजे दातांनी कापलेलं.

ते टोक वाचायला तुम्हीही शिका. सरळ कापलेलं असेल तर दात, पुढच्या वेळी तार लावा. पांढरं, खरखरीत झालेलं असेल तर खडक, जाडी वाढवा. डुकराच्या शेपटीसारखं गुंडाळलेलं असेल तर मासा निर्दोष आहे, तुमची गाठ सरकली.

कोणत्या माशासाठी काय

सुरमईसाठी तार. प्लॅस्टिकचं आवरण असलेली बारीक गुंफलेली तार, ४० ते ६० पाउंड, २५ ते ३० सेंटिमीटर पुरे. लांब तार माशाला बिचकवते. जिताडा आणि तांबोशीला तार नको, जाड तंगूस किंवा फ्लुरोकार्बन हवं: ४० ते ६० पाउंड, एक ते सव्वा मीटर. जिताड्याचे दात किरकोळ असतात, पण कल्ल्यावरच्या झाकणाची कड सुरीसारखी असते आणि ती दोरीला कापते. रावसाला ३० पाउंडाचं एक मीटर चालतं. किनाऱ्यावरून शेंगाळा वगैरे गरवायचा असेल तर साधं ३० पाउंडाचं नायलॉन लावा, त्यावर महागडी दोरी वाया घालवू नका. बांगड्यासाठी पाच-सहा बारीक गळ आणि पिसं लावलेली माळ तयार मिळते, ती सरळ विकत घ्या. ती घरी बांधणं म्हणजे डोळे फोडून घेणं आहे.

सुरमईच्या दातांचं खरं वाटत नसेल तर आधी आयएनए मार्केटला चक्कर मारा. सरोजिनी नगरपासून मेट्रोचं पुढचंच स्टेशन, दिल्ली हाट-आयएनए. तिथल्या मासेवाल्याकडे सुरमई असतेच. तिचं तोंड उघडून दाखवायला सांगा आणि दातांवरून नायलॉनचा तुकडा एकदा ओढून बघा. अर्धा किलो मासे घेतलेत तर तो कुरकुरत नाही.

आता आकड्यांचे दोन घोटाळे. पहिला, पाउंड आणि किलो. रिळावर ४० लिहिलेलं असतं आणि दुकानदार "चाळीस किलोचं आहे" म्हणतो. ४० पाउंड म्हणजे १८ किलो, ६० म्हणजे २७. रिळावर एलबी लिहिलंय की केजी, हे स्वतः वाचा. दुसरा, गळांचे नंबर. ५/० हा गळ १/० पेक्षा मोठा असतो, पण साधा ६ नंबर मात्र २ नंबरपेक्षा लहान. जिताड्या-तांबोशीसाठी ४/० ते ६/० मागा. तिरकी रेघ नसलेला ५ नंबर हातात पडला तर तो नदीतल्या माशांचा आहे, परत करा.

कुठे, कधी, कितीला

सरोजिनी नगरच्या बाजारात गळ किंवा दोरी मिळत नाही, शोधत फिरू नका. पण गळाभोवतीचं सगळं मिळतं आणि स्वस्त मिळतं. झिपची पारदर्शक पाकिटं, दोरी कापायला नेलकटर, कागदी चिकटपट्टी, पक्क्या शाईचं पेन, डोक्याच्या टाचण्या. सगळं मिळून दीडशे-दोनशेत बसवा. सोमवारी बाजार बंद असतो आणि शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते, म्हणून मंगळवार ते गुरुवार दुपारी जा. एक सावधगिरी: दागिन्यांच्या सामानात बारीक चेपायचे मणी मिळतात, क्रिंप म्हणून. ते दिसायला लीडरच्या स्लीव्हसारखेच (स्लीव्ह म्हणजे तार किंवा दोरी पकडायला चेपायची नळी), पण पातळ पत्र्याचे. कानातल्यांना ठीक आहेत, सुरमईला नाहीत. रंगीत प्लॅस्टिकचे मणी मात्र गाठीपुढे टेकू म्हणून खुशाल घ्या.

गळ, दोरी, स्विवेल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी) यांसाठी जुनी दिल्ली. जामा मशिदीच्या परिसरात गळ-काठ्यांची दुकानं आहेत. पिंक लाइनने दिल्ली हाट-आयएनए, तिथे यलो लाइन पकडून चावडी बाजार. मेट्रोचं एका बाजूचं तिकीट ४३ रुपयांच्या आत. रविवारी चावडी बाजार आणि सदर बाजार बंद असतात, म्हणून शनिवारी सकाळी अकराला पोहोचा. पक्कड, बारीक कानस, तांब्याची तार असलं काही हवं असेल तर तेही चावडी बाजारातच उरका.

मी अलीकडे दिलेले भाव सांगतो, ब्रँड आणि घासाघीस यांवर पाव हिस्सा इकडेतिकडे धरा. ४० पाउंडाचं नायलॉन, १०० मीटर: ३५० रुपये. त्याच ताकदीचं फ्लुरोकार्बन, ५० मीटर: १४०० रुपये. आवरण असलेली तार, १० मीटर: ४५०. दुहेरी स्लीव्ह, ५० नग: १५०. स्विवेल, २० नग: १२०. स्नॅप (उघडबंद होणारी कडी), १० नग: १२०. ५/० चे बरे गळ, १० नग: २५०. स्लीव्ह चेपायची खास पक्कड: ९००.

एका लीडरचा हिशेब असा. सव्वा मीटरच्या तुकड्याला गाठी धरून दीड मीटर दोरी जाते. १०० मीटर नायलॉनमधून ६६ लीडर, म्हणजे दोरी पाच रुपयांची. गळ पंचवीस, स्विवेल सहा, एकूण ३६ रुपये. फ्लुरोकार्बनमध्ये ५० मीटरमधून ३३ निघतात, दोरीच ४२ रुपयांची, एकूण ७३. तारेचा लीडर: लूपसकट ४५ सेंटिमीटर तार २० रुपये, दोन स्लीव्ह सहा, स्विवेल सहा, स्नॅप बारा, एकूण ४४.

तार बांधावी का, असं विचाराल तर वर्षातून एकदाच जाणाऱ्याने बांधू नये. तयार तारेचे लीडर ५० ते १०० रुपयांना मिळतात. दहा तयार घेतलेत तर सातशेच्या आसपास लागतात. तेच घरी करायचे तर तार, स्लीव्ह, स्विवेल, स्नॅप, पक्कड मिळून पहिल्या खेपेला १७४० रुपये खिशातून जातात. वर्षाला तीन-चार फेऱ्या होत असतील किंवा तिघा-चौघांत मिळून पक्कड घ्यायची असेल तरच हा सौदा करा. नायलॉन आणि फ्लुरोकार्बनचे मात्र घरीच बांधा. त्याला पक्कड लागत नाही, फक्त हात लागतो.

फ्लुरोकार्बनच हवं का? खडकाळ जागी, स्वच्छ पाण्यात, जिताड्यासाठी: हो, ते कमी घासलं जातं आणि पाण्यात भिजून ढिलं पडत नाही. खाडीच्या गढूळ पाण्यात नायलॉनने काही अडत नाही. मी स्वतः दहात तीन फ्लुरोचे आणि सात नायलॉनचे नेतो.

लुबाडणूक सगळ्यात जास्त इथेच होते. "फ्लुरोकार्बन कोटेड" म्हणजे फ्लुरोकार्बन नव्हे. आतून नायलॉनच असतं, वरून पातळ लेप. भाव मात्र खऱ्याच्या जवळपास लावतात. ओळखायला स्वयंपाकघरातला पाण्याचा ग्लास पुरतो. तीन सेंटिमीटरचा तुकडा बोटाने ओला करून पाण्याखाली सोडा. खरं फ्लुरोकार्बन पाण्याच्या पावणेदोन पटींहून जड असतं, सुईसारखं सरळ तळाला जातं. नायलॉन रेंगाळतं, कधी मध्येच लोंबतं. दुकानातसुद्धा ही परीक्षा मागा. "साहब, ओरिजनल है" एवढ्यावर हजार रुपये काढू नका.

आणखी तीन गोष्टी बघा. रीळ दुकानाच्या दर्शनी काचेत महिनोन्‌महिने उन्हात टांगलेलं असेल तर ते घेऊ नका, नायलॉन उन्हाने कमजोर होतं. दिल्लीच्या मे-जूनमध्ये तर जास्तच. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर "जीएसटी अलग" म्हणणाऱ्याला बिल मागा, बहुतेक वेळा जीएसटी तिथेच विरतो. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ऑनलाइन मागवलंत तर पाकीट उघडतानाचं चित्रण मोबाइलवर करून ठेवा, रिळाची पट्टी सोडल्यावर बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत. परदेशी संकेतस्थळावर रीळ स्वस्त दिसतं, पण दारात आल्यावर सीमाशुल्क, आयजीएसटी आणि वर कुरिअरवाल्याचा हाताळणी आकार. मी एकदा त्यात पडलो, दुसऱ्यांदा पडलेलो नाही.

बांधायची संध्याकाळ

किती बांधायचे? अर्ध्या दिवसाच्या होडीसाठी माणशी सहा तारेचे, सहा तंगसाचे. खडपावरून गरवायचं असेल तर तंगसाचे दहा, कारण निम्मे कपारीत अडकून तिथेच राहतात. पहिला लीडर बांधायला अर्धा तास लागेल, घाबरू नका. दहाव्यापर्यंत तुम्ही सहा मिनिटांवर याल. वीस लीडरांना अडीच-तीन तास.

टेबल दिव्याखाली घ्या. आमच्या सरकारी क्वार्टरमधल्या ट्यूबलाइटखाली पारदर्शक दोरी दिसतच नाही, म्हणून मी खाली काळी चादर अंथरतो. सगळे तुकडे आधी कापून घ्या, मग सगळ्यांच्या एका टोकाला स्विवेल, मग सगळ्यांच्या दुसऱ्या टोकाला गळ. एक-एक पुरा करत बसलात तर दुप्पट वेळ जातो. स्विवेलला युनी गाठ, गळाच्या दांडीवर स्नेलची गुंडाळी. या दोनच नीट शिका, बाकीच्या वीस गाठी व्हिडिओंत बघायलाच बऱ्या. आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करा. कोरडी दोरी आवळताना घर्षणाने तापते आणि नेमकी गाठीतच मरते. टोक दोन मिलिमीटर ठेवून कापा.

जाड तंगसाला स्लीव्ह लावत असाल तर स्लीव्हच्या दोन्ही कडा न चेपता सोडा, मधेच चेपा. कडेला चेपलं की तीच कड दोरी कापते. बाहेर आलेल्या टोकाला लायटरची आच दाखवून बारीक बोंड करा, म्हणजे सरकत नाही. हे काम घरीच उरकायचं, कारण लायटर विमानात हातातल्या बॅगेतही नेता येत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. साध्या पक्कडीने स्लीव्ह चपटी होते, पकडत नाही. तारेला एकदा मुडप पडली की ती सरळ करून वापरू नका, फेका.

गळाऐवजी नकली मासा फेकणार असाल तर पद्धत वेगळी. स्विवेल काठीच्या कड्यांतून आत जात नाही, म्हणून दीड मीटर लीडर घरीच रिळावरच्या विणलेल्या दोरीला एफजी किंवा डबल युनी गाठीने जोडून टाका आणि टोकाला स्नॅप लावा. एफजी बारीक आणि पक्की, पण होडीत बांधण्याची नाही. होडीत तुटलंच तर डबल युनी.

आता चाचणी. ही कोणी करत नाही आणि तिथेच फसतं. सामान मोजायचा हुकाचा डिजिटल काटा घ्या, तीनशे-चारशे रुपयांना मिळतो. स्विवेल दरवाजाच्या कडीत अडकवा, गळ काट्याच्या हुकात. डोळ्यांवर चष्मा, हातात जाड मोजे, मुलं दुसऱ्या खोलीत. हळूहळू ओढा. ४० पाउंडाची दोरी असेल तर काट्यावर १२-१३ किलो दिसेपर्यंत गाठ जागची हलता कामा नये. दहा लीडरांमागे एक याप्रमाणे ओढून बघा, तो फुकट गेला असं समजू नका. तयार विकत घेतलेल्या तारेच्या लीडरांचीही हीच परीक्षा घ्या. माझ्या एका पाकिटातला स्नॅप सात किलोला उघडला, पाकिटावर मात्र पन्नास पाउंड छापलं होतं. त्याच काट्यावर निघायच्या दिवशी बॅग तोला.

ठेवायचे कसे? दुकानात लीडरसाठी खास पाकिटं आठशे-हजाराला मिळतात. त्यांची गरज नाही. एसीच्या तांब्याच्या पाइपवर जो काळा फोमचा नळा घालतात, तो एसी दुरुस्तीवाल्याकडे किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. अख्खी लांबी शंभर रुपयांच्या आत, मे महिन्यात एसी बसवणारा उरलेला तुकडा फुकटही देतो. वीतभर तुकडे कापा. गळ फोममध्ये रुतवा, दोरी गुंडाळा, स्विवेल टाचणीने अडकवा. एका तुकड्यावर पाच लीडर. तंगसाचे वेगळे, तारेचे वेगळे, नाहीतर तार दोरीला घासते. चिकटपट्टीवर पाउंड, लांबी, गळाचा नंबर आणि महिना लिहा. "नंतर ओळखू येईल" असं वाटतं, पण येत नाही. ३० आणि ४० पाउंडांतला फरक पहाटे साडेपाचला होडीत कुणालाही कळत नाही. नळ्याचा एक तुकडा मुद्दाम लांब ठेवून त्यावर ३७ सेंटिमीटरवर रेघ मारा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली, सुरमईची एवढी आहे. लहान लागली तर सोडायची.

नेणं आणि तिथे पोहोचल्यावर

विमानाने जात असाल तर गळ, पक्कड, नेलकटर, तार सगळं चेक-इनमध्ये. हातातल्या बॅगेत सापडलं तर सुरक्षा तपासणीच्या टेबलावरच सोडून यावं लागू शकतं. देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुधा १५ किलो मिळतात. वर गेलात तर काउंटरवर किलोमागे काहीशे रुपये, आधी ऑनलाइन घेतलेत तर त्यापेक्षा कमी. शिसं दिल्लीहून नेऊ नका: जड असतं, क्ष-किरणात काळा गोळा दिसतो, बॅग उघडायला बोलावतात, आणि मालवणच्या बंदराजवळ ते मिळतंच. गोव्याच्या मोपा विमानतळावरून मालवण रस्त्याने दोन-अडीच तास. टॅक्सीचं भाडं निघण्याआधी फोनवर ठरवा, विमानतळाबाहेर उभं राहून नको.

रेल्वेने स्वस्त पडतं आणि गळांवरून कुणी अडवत नाही. निजामुद्दीनहून मंगला एक्स्प्रेस रत्नागिरीला थांबते. मालवणला जायचं तर तुमच्या गाडीला कणकवली-कुडाळचा थांबा आहे का, ते तिकीट काढतानाच बघा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीचं पहिल्या काही मिनिटांत संपतं. थ्री-टायर एसीत माणशी ४० किलो सामान मोफत.

जून-जुलैत यांत्रिक नौकांना बंदी असते, तेव्हा होडी मिळेल असं सांगणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका. ऑक्टोबर ते मार्च हा बरा काळ. मूळ आधार कार्ड जवळ ठेवा, सागरी पोलीस विचारू शकतात. होडी ठरवताना पाच गोष्टी तोंडाने वदवून घ्या: किती तास, इंधन धरून का, आमिषाची कोळंबी कुणाची, लाइफ जॅकेट किती, आणि लागलेले मासे कुणाचे. शेवटच्या मुद्द्यावरून जेट्टीवर भांडणं झालेली मी पाहिली आहेत. मालवणात आणखी एक विचारा: गळ कुठे टाकायचा. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी त्यात येतं. तांडेलाला हद्द ठाऊक असते, पण तुम्ही विचारलंत तर तो ती पाळतो.

तांडेलाने तुमचे लीडर बघून नाक मुरडलं तर वाद घालू नका, दोन त्याच्या हातात द्या आणि त्याच्या पद्धतीने लावू द्या. त्याच्याकडून एखादा तयार घ्यावा लागला तर आधी भाव विचारा, परतताना नको.

परत आल्यावर वापरलेले लीडर त्याच रात्री गोड्या पाण्यात बुडवा, पुसा, वाळवा. न वापरलेले नळ्यावर तसेच ठेवा, पण खारी हवा लागलेली असते, म्हणून पाकिटात बुटांच्या खोक्यातली सिलिकाची पुडी टाका. गळावर गंजाचा ठिपका आला की दोरीसकट काढा, कापून फेकताना गळ बाटलीत घालून झाकण लावा. आमच्या ब्लॉकचा कचरा हाताने वेगळा करतात. बाकीचे पुढच्या हंगामापर्यंत कपाटात, उन्हापासून दूर. वर्षानंतर नायलॉनचे पुन्हा काट्यावर ओढून बघा, दहा किलोच्या आत गाठ सुटली तर गळ आणि स्विवेल काढून घ्या, दोरी टाका.